तबकडीवर चित्र का अडखळते?

गोव्यात जत्रांचा हंगाम आणि गावची नाटके यांची जोडी जुनी आहे. जत्रेच्या रात्री देवळासमोर रंगमंच उभा राहतो, गावातीलच मंडळी तोंडाला रंग लावून मराठी नाटक करतात आणि अलीकडे त्या प्रयोगाचे चित्रण कोणाच्या तरी मोबाईलवर किंवा भाड्याच्या कॅमेऱ्यावर होतेच. पुढे ते डीव्हीडीवर उतरवण्याची वेळ येते. डीव्हीडी आता कोण पाहतो, असा प्रश्न शहरात सहज विचारला जातो. पण ज्या घरातील आजी-आजोबांना तबकडी सरकवून रिमोटचे एक बटण दाबणे एवढेच सोयीचे वाटते, त्या घरांत ती अजून पाहिली जाते. नाट्यमंडळांच्या कपाटांतही जुने प्रयोग तबकड्यांवरच ठेवलेले आढळतात.

अडचण उभी राहते ती तबकडी प्रत्यक्ष लावल्यावर. मोबाईलवर जे चित्र पाण्यासारखे वाहत होते, तेच टीव्हीवर ठेचकाळत चालते. नट रंगमंचाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातो तो सरकत नाही, टप्प्याटप्प्याने उड्या मारतो. फुगडीचा फेर धरलेल्या बायकांच्या कडा थरथरतात. कधी संवाद पुढे जातो आणि ओठ मागे राहतात. मग तबकडी खराब निघाली असे म्हणून दुसरी आणली जाते, तिच्यावरही तेच घडते. त्यानंतर प्लेअरला दोष दिला जातो, तो बदलला तरी फरक पडत नाही. या सगळ्या खटाटोपात बहुतेकदा एक गोष्ट तपासायची राहून जाते. तबकडीला आणि प्लेअरला हात लागण्यापूर्वीच, रूपांतराच्या वेळी, चित्राचा हिशेब चुकलेला असतो.

चलच्चित्र म्हणजे झरझर बदलणाऱ्या स्थिर चित्रांची मालिका. त्यातील प्रत्येक चित्राला फ्रेम म्हणतात. एका सेकंदात किती फ्रेम दाखवायच्या हा आकडा सर्वत्र सारखा नाही आणि त्याचे मूळ विजेच्या तारांत आहे. युरोपात व भारतात घरगुती वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, तर अमेरिकेत ६० आवर्तनांची. टीव्ही प्रथम आला तेव्हा चित्राचा वेग विजेच्या आवर्तनांशी जुळवून घेणे सोयीचे होते. त्यामुळे एका बाजूला सेकंदाला २५ फ्रेम आणि दुसऱ्या बाजूला ३० फ्रेम असे दोन पंथ पडले. अमेरिकेत १९५३ मध्ये रंगीत प्रक्षेपणाची पद्धत ठरली, तेव्हा रंगाचा संकेत आणि ध्वनीचा संकेत एकमेकांत मिसळून पडद्यावर जाळी उमटू नये म्हणून ३० चा आकडा किंचित खाली, २९.९७ वर आणण्यात आला. या पद्धतीला एनटीएससी म्हणतात. भारतात रंगीत दूरदर्शन आले ते १९८२ मध्ये, दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या वर्षी, आणि आपण पॅल ही २५ फ्रेमची पद्धत स्वीकारली. चित्रपटाची गोष्ट आणखी निराळी. तो पूर्वापार सेकंदाला २४ फ्रेमने चालत आला आहे.

डीव्हीडीने हे दोन्ही पंथ जसेच्या तसे आपल्यात घेतले. पॅल तबकडीवर सेकंदाला २५ फ्रेम असतात आणि चित्राचा आकार ७२० बाय ५७६ बिंदूंचा असतो. एनटीएससी तबकडीवर फ्रेम २९.९७ आणि आकार ७२० बाय ४८०. तिसरा पर्याय नाही. मोबाईल मात्र अमेरिकी वळणाने घडलेला. भारतात विकत घेतलेला मोबाईलदेखील, त्याच्या मांडणीत मुद्दाम बदल केला नाही तर, सहसा सेकंदाला ३० किंवा ६० फ्रेम टिपतो. रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये देश म्हणून भारत निवडला किंवा सवयीने पॅलवर खूण केली, की घोटाळ्याची सुरुवात होते.

सेकंदाच्या ३० फ्रेम २५ मध्ये बसवायच्या तर दर सहांपैकी एक फ्रेम टाकून द्यावी लागते. कॅमेरा स्थिर असून समोर कोणी बसून बोलत असेल, तर ही चोरी डोळ्यांच्या लक्षात येत नाही. पण नट चालू लागला किंवा कॅमेरा रंगमंचावरून डावीकडून उजवीकडे फिरू लागला, की सेकंदाला पाच वेळा पाऊल गाळल्यासारखे दिसते. गतीतला हा हिसका नियमित तालात येतो आणि तीच त्याची ओळख. चोवीस फ्रेमचे चित्रण पॅलमध्ये घालताना सॉफ्टवेअरने दर सेकंदाला एक फ्रेम दुप्पट केली, तर हिसका सेकंदाला एकदाच बसतो, पण घड्याळाच्या टिकटिकीसारखा बसत राहतो आणि एकदा तो दिसला की प्रेक्षकाला दुसरे काही दिसत नाही. चित्रपटांच्या पॅल डीव्हीडींवर यासाठी वेगळा मार्ग काढला जातो. चोवीस फ्रेमच पंचवीसच्या वेगाने चालवल्या जातात. दोन तासांचा चित्रपट त्यामुळे सुमारे पावणेपाच मिनिटे लवकर संपतो आणि आवाजाची पट्टी दुरुस्त केली नाही तर गाणे मूळ सुरापेक्षा थोडे वर चढते. सामान्य प्रेक्षकाला ते कळत नाही. हार्मोनियम जवळ घेऊन बसलेल्याला मात्र कळते.

फ्रेम गाळण्याऐवजी शेजारच्या दोन फ्रेम एकमेकांत मिसळण्याची सोयही काही सॉफ्टवेअरमध्ये असते. तिने हिसका कमी होतो, पण हलणाऱ्या माणसामागे त्याचीच पुसट सावली दिसू लागते. मधल्या फ्रेम गणिताने नव्याने घडवण्याची तिसरी पद्धत आहे. ती संथ दृश्यात सुरेख चालते आणि गर्दीत किंवा फिरत्या नृत्यात हातपाय वितळवून टाकते. घरगुती कामासाठी या तिन्हींपेक्षा चांगला उपाय बराच सोपा आहे आणि तो फारसा वापरला जात नाही, याचे नवल वाटावे. वेग बदलायचाच नाही. मोबाईलवरचे चित्रण ३० किंवा ६० फ्रेमचे असेल, तर तबकडी एनटीएससी पद्धतीची करावी. तीसवरून २९.९७ वर येताना वेग हजारात एका भागाने कमी होतो. हा फरक कोणालाही जाणवत नाही. पॅलपेक्षा ९६ आडव्या रेषा कमी मिळतात हे खरे, पण नाटक पाहणारा रेषा मोजत बसत नाही, गती अडखळली तर मात्र त्याला ती खुपते. भारतात विकले जाणारे बहुतेक डीव्हीडी प्लेअर आणि टीव्ही दोन्ही पद्धती ओळखतात. उलट दिशेने तेवढी उदारता नाही. अमेरिकेतील अनेक प्लेअर पॅल तबकडी नाकारतात. नातेवाईकांकडे तिकडे तबकडी पाठवायची असेल, तर एनटीएससी हा तसाही शहाणपणाचा पर्याय. कॅमेऱ्यानेच २५ किंवा ५० फ्रेम टिपल्या असतील तर मात्र पॅलच ठेवावी. येथे देश पाहायचा नसतो, मूळ फाईल पाहायची असते.

ती पाहायची कशी? मीडियाइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर त्यासाठी पुरेसे आहे. फाईल त्यात उघडली की फ्रेमचा वेग, चित्राचा आकार, ध्वनीची जात आणि आणखी एक महत्त्वाची नोंद समोर येते. ती नोंद म्हणजे फ्रेमचा वेग स्थिर आहे की बदलता. मोबाईलच्या बाबतीत उत्तर बहुधा बदलता असे मिळते. प्रकाश भरपूर असेल तेव्हा फोन सेकंदाला ३० फ्रेम टिपतो, रंगमंचावरचे दिवे मंदावले की प्रत्येक फ्रेमला जास्त उजेड मिळावा म्हणून तो वेग आपोआप उतरवतो, आणि फोन तापला किंवा त्याची स्मृती भरत आली तर मध्येच एखादी फ्रेम गाळतोही. फोनमधील प्लेअर प्रत्येक फ्रेमची वेळ वाचून ती अचूक क्षणी दाखवतो, म्हणून तेथे काही बिघडल्याचे कळत नाही. डीव्हीडीला असली लवचीकता ठाऊक नाही. तिला प्रत्येक सेकंदात ठरलेल्या फ्रेम हव्यात. साधे रूपांतर करणारे सॉफ्टवेअर या असमान फ्रेम एकापाठोपाठ एक समान अंतराने मांडून टाकते आणि मग काही प्रवेश भरभर, काही संथ चालतात. ध्वनी मात्र आपल्या मूळ गतीने जात राहतो. पहिल्या अंकात जुळलेले ओठ आणि शब्द तिसऱ्या अंकापर्यंत फारकत घेतात ते यामुळे.

यावर उपाय म्हणजे तबकडी करण्यापूर्वी फाईल एकदा स्थिर वेगाची करून घेणे. हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये व्हिडिओच्या पानावर फ्रेमचा वेग निवडण्याची सोय आहे. तेथे ३० निवडून खालच्या पर्यायांतील स्थिर वेगावर खूण करावी आणि गुणवत्ता उंच ठेवावी. हँडब्रेक डीव्हीडी बनवत नाही, हे लक्षात ठेवावे. ते केवळ मधली, सुधारलेली फाईल देते. ती मग डीव्हीडीस्टायलरसारख्या सॉफ्टवेअरकडे सोपवायची. ज्यांना आज्ञा टंकून काम करण्याची सवय आहे त्यांना एफएफएमपेग वेग स्थिर करणे आणि रूपांतर एका दमात करून देते. पण एखादे चित्रण अजून व्हायचे असेल, तर दुरुस्तीपेक्षा खबरदारी सोपी. फोनच्या कॅमेऱ्यात वेग आपोआप बदलण्याची सोय असते, ती बंद करावी. आयफोनच्या मांडणीत पॅल स्वरूपे दाखवण्याचा पर्यायही आहे. तो चालू केला की २५ फ्रेमने चित्रण करता येते. आपल्याकडील विजेची आवर्तने ५० असल्याने रंगमंचावरील काही दिव्यांची लुकलुकही त्याने कमी होते.

येथपर्यंतचा दोष एकसारख्या तालाचा किंवा हळूहळू वाढत जाणारा होता. दुसरा एक दोष याहून विचित्र दिसतो आणि अधिक छळतो. रंगमंच, पडदा, खांब सगळे स्थिर, पण हलणारी प्रत्येक वस्तू थरथरते, जणू एक पाऊल पुढे आणि अर्धे मागे घेत चालली आहे. शिगम्यातील घोडेमोडणीचे चित्रण अशा तबकडीवर पाहिले तर डोके दुखू लागते. याचे कारण समजण्यासाठी जुन्या टीव्हीची एक युक्ती पाहावी लागते. पॅल चित्रात ५७६ आडव्या रेषा असतात. त्या सगळ्या एकदम न रंगवता आधी एकआड एक रेषांचे अर्धे चित्र आणि मग उरलेल्या रेषांचे दुसरे अर्धे चित्र दाखवले जाई. अशा अर्ध्या चित्राला फील्ड म्हणतात. सेकंदाला २५ पूर्ण चित्रांऐवजी ५० अर्धी चित्रे दिसल्याने हालचाल मऊ भासे. ही दोन अर्धी चित्रे वेगवेगळ्या क्षणी टिपलेली असतात, हा येथील कळीचा मुद्दा. पहिले आधीचे, दुसरे एक पन्नासांश सेकंदानंतरचे.

आता रूपांतर करताना कोणते अर्धे आधी हे सॉफ्टवेअरला चुकीचे सांगितले गेले, तर प्रत्येक जोडीत नंतरचा क्षण आधी आणि आधीचा नंतर दिसतो. हात पुढे जातो, मागे येतो, पुन्हा पुढे जातो. स्थिर वस्तूला आधी काय आणि नंतर काय, दोन्ही सारखेच, म्हणून ती हलत नाही. मिनी-डीव्ही कॅसेटवरील चित्रणात खालच्या रेषांचे फील्ड आधी असते. कॅमेऱ्याच्या हार्डडिस्कवर किंवा कार्डावर उतरणाऱ्या एव्हीसीएचडी चित्रणात वरचे आधी. डीव्हीडीला दोन्ही चालतात, पण तिला खरे ते सांगावे लागते. सॉफ्टवेअरमध्ये ही निवड बदलून दोन मिनिटांचा तुकडा पुन्हा केला, की थरथर नाहीशी होते. दोष इतका सरळ असताना आख्ख्या लग्नांची चित्रणे थरथरत्या रूपात कपाटांत पडून आहेत, कारण तो दोष प्रथम कॅमेऱ्याचा समजला गेला.

संगणकाच्या पडद्यावर अशा चित्रणात हलत्या माणसाच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसतात. त्या पाहून पुष्कळजण घाबरतात आणि फील्ड एकत्र करून टाकणारा पर्याय निवडतात. तबकडीसाठी ते करू नये. कंगवा हा दोष नव्हे, दोन क्षण एकाच वेळी दिसल्याची ती खूण आहे आणि टीव्ही किंवा प्लेअर त्याचा निकाल आपोआप लावतो. फील्ड एकत्र केली की सेकंदाचे ५० क्षण २५ वर येतात आणि जी हालचाल वाचवायची तीच निम्मी होते. अशा चित्रणाची उंची बदलतानाही सावधगिरी हवी. दोन फील्ड वेगळी न करता १०८० रेषांचे चित्र ५७६ वर दाबले तर दोन्ही क्षणांच्या रेषा एकमेकांत कालवल्या जातात, आणि मग कोणत्याही उपायाने त्या पुन्हा वेगळ्या होत नाहीत.

तिसरे कारण जागेचे. एकथरी डीव्हीडीची क्षमता ४.७ जीबी असे वेष्टनावर छापलेले असते. संगणक वेगळ्या पद्धतीने मोजत असल्याने तोच आकडा तेथे सुमारे ४.३८ दिसतो. ही जागा नाटकाच्या लांबीत वाटायची आहे. दोन तासांचा प्रयोग असेल तर सेकंदाला सरासरी ५.२ मेगाबिट वाट्याला येतात, तीन तासांचे संगीत नाटक असेल तर साडेतीनपेक्षाही कमी, आणि त्यातूनच ध्वनी, मेन्यू व इतर बांधणी भागवायची. कमाल मर्यादाही आहे. चित्राला सेकंदाला ९.८ मेगाबिट आणि ध्वनीसह सगळे मिळून १०.०८. तिच्यापलीकडे प्लेअरकडून वाचन होईल अशी अपेक्षा धरता येत नाही.

घोळ दोन्ही टोकांना होतो. अर्ध्या तासाचे छोटे चित्रण असले की गुणवत्ता जास्तीत जास्त असावी म्हणून चित्राला ९ मेगाबिट दिले जातात आणि ध्वनी कच्च्या, न दाबलेल्या स्वरूपात ठेवला जातो. तो एकटाच दीड मेगाबिट खातो. बेरीज साडेदहावर जाते आणि गर्दीचे, गुलाल उधळला जात असलेले दृश्य आले की प्लेअर धापा टाकून थांबतो. संगणकावर मात्र ते व्यवस्थित चालते, म्हणून दोष तबकडीचा वाटतो. चित्र ७ ते ८ मेगाबिटच्या आत ठेवून ध्वनी डॉल्बी डिजिटलमध्ये दाबला की ही अडचण उरत नाही. दुसऱ्या टोकाला तीन तासांचे नाटक एका तबकडीत कोंबले जाते. तेथे चित्र थांबत नाही, पण हालचाल होताच त्याचे चौकोनी तुकडे पडतात आणि ते तुकडेच डोळ्याला अडखळण्यासारखे भासतात. अशा वेळी दोन फेऱ्यांचे संकोचन निवडावे. पहिल्या फेरीत सॉफ्टवेअर संपूर्ण नाटक नुसते तपासते आणि दुसऱ्या फेरीत स्वगताच्या जागी बिट वाचवून लढाईच्या किंवा नृत्याच्या प्रवेशाला देते. वेळ जवळपास दुप्पट लागतो, तो द्यावा. त्याहून उत्तम म्हणजे नाटक दोन तबकड्यांवर विभागणे. अंकांच्या मध्ये विश्रांती असतेच, तबकडी बदलायलाही तीच जागा योग्य.

दुथरी तबकडी घेतली तर ८.५ जीबी मिळतात, पण पहिल्या थरावरून दुसऱ्यावर जाताना चित्र क्षणभर थबकू शकते आणि जुन्या प्लेअरना ती पचत नाही. ऐन गाण्याच्या ताणेत तो क्षण येऊ नये म्हणून थर बदलण्याची जागा प्रवेश संपतो तेथे ठेवता येते. इमगबर्न या सॉफ्टवेअरमध्ये ती निवडता येते.

जाळण्याच्या, म्हणजे तबकडीवर लिहिण्याच्या, चुका मात्र खरोखर तबकडीच्या असतात आणि त्यांची चाल वेगळी. चित्र एका ठरावीक मिनिटालाच गोठते, तीच फाईल दुसऱ्या तबकडीवर लिहिली की ती जागा सरकते किंवा नाहीशी होते. डीव्हीडीवरील मजकूर आतल्या कडेपासून बाहेरच्या कडेकडे लिहिला जातो. त्यामुळे नाटकाच्या शेवटी शेवटी अडखळणे वाढत असेल, तर बाहेरच्या कडेकडे बोट दाखवावे. बोटांचे ठसे तेथेच पडतात, ओरखडेही तेथेच, आणि स्वस्त तबकड्यांचा लेपही तेथेच विरळ असतो. तबकडी काठोकाठ भरण्याऐवजी थोडी जागा मोकळी सोडण्याचा संकेत यातूनच आला आहे. सोळापट वेग छापलेल्या तबकडीवर चार ते आठपट वेगाने लिहावे आणि लिहून झाल्यावर पडताळणीचा पर्याय चालू ठेवावा. पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या तबकड्या प्रकाश कमी परावर्तित करतात. जुने प्लेअर त्यांवर हमखास ठेचकाळतात. तबकडीवर कागदी लेबल चिकटवण्याची हौसही टाळावी. ते किंचित एका बाजूला गेले तरी वेगाने फिरताना तोल जातो.

आणखी एक गफलत वारंवार घडते. मोबाईलची एमपी-४ फाईल जशीच्या तशी तबकडीवर उतरवली जाते आणि तिलाच डीव्हीडी म्हटले जाते. काही प्लेअर अशी फाईल उघडतात, पण त्यांतील चिपला मोठे चित्र उलगडणे झेपत नाही, म्हणून चित्र धावते, थांबते, पुन्हा धावते. खऱ्या व्हिडिओ डीव्हीडीवर व्हिडिओ-टीएस नावाचे दालन असते आणि त्यातील चित्र एमपेग-२ या जुन्या पद्धतीने बांधलेले असते. तबकडी संगणकात घालून ते दालन दिसते का एवढे पाहिले तरी अर्धा निदानाचा भाग उरकतो.

उरलेले निदान क्रमाने करायचे. मूळ फाईल व्हीएलसीसारख्या प्लेअरमध्ये लावून संशयित जागा पाहावी. तेथेच हिसका असेल तर पुढचे कोणतेही सॉफ्टवेअर तो घालवणार नाही. मे महिन्याच्या उन्हात निघालेल्या मिरवणुकीच्या चित्रणात हे हमखास दिसते. कडक प्रकाशात कॅमेरा प्रत्येक फ्रेम इतक्या अल्प क्षणात टिपतो की तिच्यात हालचालीची पुसटशीही रेघ उरत नाही आणि अतिस्पष्ट चित्रांची ती माळ तुटक वाटते. मूळ फाईल स्वच्छ असेल तर रूपांतरित फाईल, तबकडीवर न लिहिता, संगणकावरच पाहावी. तेथे दोष दिसला तर वेग, फील्ड किंवा बिटरेट यांपैकी काहीतरी चुकले. तीही स्वच्छ असेल तर तबकडी आधी संगणकात आणि मग टीव्हीजवळच्या प्लेअरमध्ये लावावी. दोष ज्या पायरीवर प्रथम दिसतो, तिच्या आधीच्या सगळ्या गोष्टी निर्दोष सुटतात. संपूर्ण नाटक पुन्हा रूपांतरित करण्याचीही गरज नसते. ज्यात कोणी झपाट्याने चालते, कॅमेरा फिरतो आणि कोणी स्पष्ट बोलते, असा दोन मिनिटांचा तुकडा कापून त्यावरच प्रयोग करावेत. एका पुन्हा लिहिता येणाऱ्या तबकडीवर असे दहा प्रयोग होतात. तेवढ्यापुरती ती उपयोगाची.

जुन्या व्हीएचएस कॅसेटवरून तबकडी करताना या सगळ्याला एक घाईची बाजू आहे. कोकणपट्टीच्या दमट हवेत फितीवर बुरशी धरते आणि अशी फीत किती वेळा चालेल याची शाश्वती नसते. व्हीसीआरमधून येणारा संकेत मुळातच डळमळीत असतो, प्रत्येक ओळ थोडी पुढेमागे सुरू होते, आणि संगणकाला तो पकडता न आल्यास फ्रेम गळतात. टाइम बेस करेक्टर नावाचे यंत्र मधे जोडले की ओळी सरळ होतात. ते नसेल तर काही डिजिटल कॅमेऱ्यांमधून संकेत नेण्याची जुनी युक्तीही चालते. पकडणारे सॉफ्टवेअर किती फ्रेम गळल्या याचा आकडा दाखवते. तो शून्याच्या जवळ नसेल तर थांबून संगणकावरील इतर कामे बंद करावीत, फीत एकदा पूर्ण पुढे-मागे गुंडाळावी आणि मगच पुन्हा सुरुवात करावी.

फीत तबकडीवर उतरली म्हणून मूळ कॅसेट टाकून देण्याचा मोह येथेच होतो. तबकडीवरचे चित्र दाबलेले असते, त्यात वेगाची किंवा फील्डची चूक राहिली असेल तर ती दुरुस्त करायला कॅसेटकडेच परतावे लागते. मिनी-डीव्हीच्या दर्जाने पकडलेली फाईल तासाला सुमारे १३ जीबी जागा घेते, म्हणजे तीन तासांचे नाटक ४० जीबीच्या आत मावते. ६४ जीबीच्या एका पेनड्राइव्हवर ते बसते, दुसरी प्रत हार्डडिस्कवर ठेवता येते, आणि या फाईलवरून तबकडी हवी तितक्या वेळा नव्याने करता येते.